साळिंदर दाखवण्याची परवानगी

माझ्या मते गेल्या कित्येक वर्षांतला सगळ्यात चांगला चित्रपट आमच्या इथल्या थिएटरात फक्त चार दिवस चालला. त्यातले तीन दिवस तो मुख्यतः माझ्यासाठीच चालला, असं म्हटलं तरी चालेल.

चित्रपटाचं नाव 'काटे सांभाळा'. साळिंदरांच्या एका कुटुंबाची गोष्ट. तो कार्टूनचा आहे, हे मी आधीच सांगून टाकतो, कारण पुढे ते मला इतक्या जणांनी इतक्या वेळा ऐकवलं की मला ते माहीत नसावं अशी लोकांची समजूत झाली होती. लेकीला सुट्टी होती. तिला पाहायचा होता शेजारच्या पडद्यावरचा अंतराळयुद्धाचा चित्रपट, पण त्याची तिकिटं संपली होती, म्हणून आम्ही नाइलाजाने साळिंदरांकडे वळलो. आत आम्हाला धरून सहा जण. एक जोडपं होतं, त्यांना पडद्यात रस नव्हता. एक आजोबा गारव्यात झोपायला आले होते. सहावा थिएटरचा डोअरकीपर, आणि तो आमच्याकडे संशयाने बघत होता.

गोष्ट साधी आहे. ओढ्याला पूर येतो, साळिंदरांचं बीळ वाहून जातं आणि आई, बाबा आणि तीन पोरं नवीन घर शोधत निघतात. सगळे प्राणी चांगले आहेत, कुणी वाईट बोलत नाही, पण काट्यांचं नाव काढलं की प्रत्येकाला एकदम काहीतरी काम आठवतं. शेवटी सशांचं एक कुटुंब त्यांना ठेवून घेतं. पण बीळ अरुंद. झोपेत कूस बदलली की सशांच्या पिल्लांना काटे लागतात. तेव्हा साळिंदरबाबा म्हणतो की त्याला मुळात उघड्यावरच झोप चांगली लागते, आणि बाहेर पावसात जाऊन बसतो. पाठ दाराकडे करत नाही, तोंड दाराकडे करून बसतो, काटे कुणाला लागू नयेत म्हणून. सबंध चित्रपटभर तो माणूस (मी त्याला माणूसच म्हणणार) आडवा चालतो.

त्या ठिकाणी माझ्या चष्म्याच्या आत पाऊस पडू लागला. मी मीटर दुरुस्तीच्या कार्यालयात वीस वर्षं तक्रारींच्या खिडकीत बसलेला माणूस आहे. पाण्याचे मीटर बंद पडलेली माणसं माझ्यासमोर रडली आहेत, मी फक्त फॉर्म पुढे सरकवला आहे. त्यामुळे झाला प्रकार घरात कळू नये अशी माझी इच्छा होती. पण दार उघडताच लेकीने आईला पहिली बातमी दिली, "बाबा साळिंदरासाठी रडले."

नेमका मेहुणा घरी आलेला. बायकोचा हा धाकटा भाऊ चित्रपटांतला जाणकार आहे, निदान त्याचं तसं मत आहे. जगातले सगळे चांगले चित्रपट त्याने पाहिलेले असतात आणि एकही त्याला आवडलेला नसतो. मी त्याला सांगायला गेलो की हा चित्रपट वेगळा आहे, यात पाऊससुद्धा कसा काढलाय बघ, प्रत्येक थेंब काट्यावरून घरंगळताना जरा थांबतो. तो म्हणाला, "भावजी, तुम्हाला थोडी विश्रांतीची गरज आहे."

मी दुसऱ्या दिवशी कार्यालयातून परस्पर थिएटरात गेलो. तिसऱ्या दिवशीही गेलो. चौथ्या दिवशी डोअरकीपर मला ओळखून हसला आणि म्हणाला की आज शेवटचा खेळ, उद्यापासून इथेही अंतराळयुद्ध. मला घरचं कुणी गेल्यासारखं झालं. कार्यालयात मी हा विषय काढला, तर लोकांनी माझ्या टेबलावर कापसाचा ससा आणून ठेवला. कमरेखालचा वार होता. तो ससा नव्हे, साळिंदर हवा होता, हे त्यांना कळावं एवढीही त्यांची तयारी नव्हती.

तेव्हा मी ठरवलं की हा चित्रपट आपण आपल्या सोसायटीच्या हॉलमध्ये दाखवायचा. सगळ्यांना समोर बसवायचं आणि मग बघू कोण हसतं.

ज्या कंपनीने तो काढला होता तिच्या पत्त्यावर मी पत्र पाठवलं. पत्रात मीटरखात्याची भाषा आपोआप येते, त्यामुळे 'वरील विषयास अनुसरून आपला साळिंदर पाहण्यात आला' अशी सुरुवात झाली. उत्तर येईल असं वाटलं नव्हतं. आठ दिवसांत आलं, तेही हाताने लिहिलेलं. लिहिणाऱ्या बाईंनी या चित्रपटातले सगळे ससे काढले होते. त्यात त्यांची चार वर्षं गेली होती. कंपनी आता जाहिराती करते, असं त्यांनी कळवलं. चित्रपट आवडल्याचं पत्र आलेलं हे पहिलंच, त्यामुळे ते कुठल्या फायलीत लावायचं यावर त्यांच्याकडे चर्चा झाली. एक खेळ दाखवायची परवानगी सोबत जोडली होती, डिस्क वेगळी पाठवली होती, आणि शेवटी विचारलं होतं की साधारण किती माणसं येतील.

मी भावनेच्या भरात कळवून टाकलं, साठ.

आता मागे फिरणं शक्य नव्हतं. आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेलाही साठ माणसं कधी आलेली नाहीत, आणि तिथे तर लिफ्टचा विषय असतो.

सेक्रेटरींकडे गेलो. त्यांना आम्ही सगळे मागे 'ठराव' म्हणतो, कारण जिन्यातला दिवा बदलायचा तरी ते ठराव मांडतात, आणि अनुमोदक मिळाला नाही तर स्वतःच्या बायकोला उठवून आणतात. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं, कपाटातून नियमांची वही काढली आणि दाखवलं की पन्नासाहून जास्त खुर्च्या मांडायच्या असतील तर पालिकेच्या विभाग कार्यालयाचं ना-हरकत पत्र लागतं. मी म्हटलं की एकोणपन्नास खुर्च्या मांडू, बाकीचे उभे राहतील. त्यावर ठरावांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मला स्वतःचीच लाज वाटली. खिडकीच्या आतल्या माणसाने असं बोलायचं नसतं. अर्ज स्वतः टाइप करून देतो, असं ते म्हणाले. मी विषय सांगितला होता, 'प्राण्यांचा कौटुंबिक चित्रपट दाखविण्यास परवानगी मिळणेबाबत'. ठरावांना मोठी वाक्यं खपत नाहीत. त्यांनी आटोपशीर केलं, 'प्राण्यांचे कौटुंबिक प्रदर्शन'.

हे मला कळलं तेव्हा अर्ज पशुवैद्यकीय शाखेत पोहोचला होता.

तिथल्या टेबलावर एक तरुण निरीक्षक बसले होते. अत्यंत सभ्य आणि सावकाश माणूस. त्यांनी मला एक छापील तक्ता दिला. प्राण्याची जात, संख्या, वय, लस टोचल्याची तारीख, पिंजऱ्याची लांबी-रुंदी. मी हसून सांगितलं की प्राणी चित्रातले आहेत. ते म्हणाले, ठीक आहे, शेऱ्याच्या रकान्यात तसं लिहा, पण संख्या भरावीच लागेल. मी उभ्याउभ्या डोळे मिटून मोजलं. साळिंदर पाच, ससे अकरा, एक घुबड, दोन कासवं, बेडकांची वरात मोजली नाही. निरीक्षकांनी बेडकांचा अंदाजे आकडा मागितला. पिंजऱ्याच्या रकान्यात मी पडद्याचं माप लिहिलं. त्यांनी ते वाचलं, विचार केला आणि म्हणाले की एवढ्या जागेत एकोणीस प्राणी आणि बेडूक नियमात बसणार नाहीत.

मी तीन वेळा गेलो. वीस वर्षं मी लोकांना 'उद्या या' म्हणत आलो आहे, पण हे शब्द बाहेरून ऐकायला किती वेगळे लागतात, याची मला कल्पना नव्हती. तिसऱ्या वेळी निरीक्षकांनी तोडगा काढला. रविवारी दुपारी तीन वाजता ते स्वतः हॉलमध्ये येणार, जिवंत प्राणी नाहीत याची प्रत्यक्ष खात्री करणार आणि तिथेच ना-हरकतीवर सही करणार. तोपर्यंत नियमाप्रमाणे इमारतीच्या फाटकावर एक सूचना लावावी लागेल. ती त्यांच्या शिपायाने लावली. 'येथे रविवार दि. अमुक रोजी साळिंदर (५) व इतर प्राण्यांच्या प्रदर्शनाची तपासणी होणार आहे.'

मी ती वाचली नाही. मी त्या आठवड्यात सल्ले ऐकण्यात गुंतलो होतो.

तळमजल्यावर एक निवृत्त डॉक्टरीणबाई राहतात. जनावरांच्या डॉक्टर. त्यांना मी कौतुकाने गोष्ट सांगितली, तर त्यांनी पहिल्याच वाक्याला थांबवलं. साळिंदर काटे फेकत नाही, हा लोकांचा गैरसमज आहे, तुमच्या चित्रपटात तो फेकतो का? मी आठवून सांगितलं की एकदा शिंकताना दोन उडतात. बाई म्हणाल्या की मग सुरुवातीला त्या उभ्या राहून खुलासा करतील, पाऊण तासात आटपेल. वरच्या मजल्यावरून निरोप आला की पडदा उत्तरेकडे लावू नये, डोळ्यांना त्रास होतो. दुसऱ्या कुणी सांगितलं की दक्षिणेकडे लावू नये. राहिलेल्या दोन भिंतींपैकी एकीला दार होतं आणि दुसरीला चार खिडक्या.

प्रोजेक्टर मेहुणा आणणार होता. मीच त्याच्या पाया पडलो असतो, पण ती वेळ आली नाही. त्याच्या बहिणीने, म्हणजे माझ्या बायकोने, फोनवर दोन वाक्यं बोलून काम केलं. ती दोन वाक्यं कुठली, हे मला अजून सांगितलेलं नाही. तशी तीही माझ्या बाजूची होती असं म्हणता येणार नाही. डिस्क आल्यापासून मी रोज जेवण होईपर्यंत साळिंदर लावत होतो, आणि ती स्वयंपाकघराचं दार पायाने ढकलून घ्यायची.

रविवारी दुपारी दोनपासून आम्ही चार खिडक्यांना ब्लँकेटं, चादरी आणि ठरावांच्या घरचा एक गालिचा टांगत होतो. दुपारचं ऊन कुठूनही वाट काढतं. एक ब्लँकेट सारखं सुटत होतं, ते धरून बायको मागच्या खिडकीशी उभी राहिली. पावणेतीनला माणसं यायला लागली. तीनला हॉल भरला. सव्वातीनला शेजारच्या इमारतीतले लोक आपापल्या खुर्च्या डोक्यावर घेऊन आले. मला भरून आलं. मी बाजूच्या माणसाला म्हटलं की चांगल्या कलेला शेवटी लोक येतातच. तो म्हणाला, "पिंजरे कुठे ठेवलेत?"

तेव्हा मी फाटकावर जाऊन सूचना वाचली.

परत आलो तो पहिल्या रांगेत निरीक्षक मांडीवर फाइल ठेवून बसले होते आणि सगळा हॉल माझ्याकडे अपेक्षेने बघत होता. मुलांनी गाजरं आणली होती. मी उभा राहून सांगितलं की साळिंदर पडद्यावर येणार आहे. 'पडद्यामागून का?' असं कुणीतरी विचारलं. मी म्हटलं, नाही, पडद्यावरच. ही बातमी मागच्या रांगेपर्यंत पोहोचायला जरा वेळ लागला, आणि पोहोचल्यावर एक लांब सुस्कारा पुढे आला. लोक उठणार, एवढ्यात मी मेहुण्याला खूण केली आणि चित्र सुरू झालं.

ओढा दिसला. ढग दिसले. पूर आला. आवाज मात्र आला नाही.

मेहुण्याने एक वायर काढून दुसरी घातली. पडद्यावर साळिंदरबाबा तोंड उघडत होता, मिटत होता. मेहुण्याने मान वर न करता सांगितलं की दोन मिनिटं. ही दोन मिनिटं तो पुढे सव्वा तास सांगत होता. खुर्च्या सरकल्याचे आवाज झाले. ठराव घसा खाकरून उभे राहिले. कार्यक्रम तहकूब करण्याचा ठराव असणार, हे मला त्यांच्या पाठीवरून कळलं. माझ्या डोळ्यांपुढे त्या बाईंचं पत्र आलं. साठ माणसं, असं मी लिहिलं होतं. इथे नव्वद होती, आणि सगळी उठायच्या बेतात होती.

मला नंतर बऱ्याच जणांनी विचारलं की तुम्हाला धीर कसा झाला. धीर वगैरे काही नव्हता. साळिंदरबाबाने तोंड उघडलं आणि त्याचं वाक्य माझ्या तोंडून गेलं, एवढंच. चौदा-पंधरा वेळा पाहिलेला चित्रपट, वाक्यं ओठांवरच होती. "पोरांनो, माझ्या मागून चाला, पण फार मागून." हॉलमध्ये पहिल्यांदा कुणीतरी हसलं. मी पडद्याशेजारी जाऊन उभा राहिलो. कासवाला जाड आवाज दिला, बेडकांच्या वरातीत मी एकटाच पन्नास बेडूक झालो. मीटरखात्यातला माणूस डराव डराव करतोय हे बघून मुलं लोळायला लागली. साळिंदर शिंकला, दोन काटे उडाले, आणि अंधारातून डॉक्टरीणबाईंचा खणखणीत आवाज आला की हे शास्त्राला धरून नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, तेही चित्रपटातच आहे.

अडचण आली ती साळिंदरआईची. मी बारीक आवाज काढला, तो माझ्या आत्याच्या आवाजासारखा निघाला. आई गंभीरपणे पोरांची समजूत काढतेय आणि सबंध हॉल हसतोय, असं झालं. मी पुढचं वाक्य घ्यायला श्वास घेतला, तर ते वाक्य मागच्या खिडकीशी कुणीतरी आधीच म्हटलं. शांतपणे, अगदी नेमक्या जागी थांबत. ब्लँकेट दोन्ही हातांनी धरून बायको पडद्याकडे बघत बोलत होती. एकही शब्द चुकला नाही. स्वयंपाकघराचं दार पूर्ण लागत नाही, हे मला तेव्हा आठवलं. पुढचा सगळा चित्रपट आम्ही दोघांनी हॉलच्या दोन टोकांना उभं राहून बोलून काढला. लग्नाला सोळा वर्षं झाली, पण इतका वेळ सलग आम्ही एकमेकांशी त्यापूर्वी कधी बोललो नव्हतो.

मग घुबडसाहेब आले. हे जंगलातल्या बिळांचं वाटप करतात. झाडावर बसलेले, समोर पानांची चळत. नेमका तेव्हा मला ठसका लागला. पडद्यावर घुबडाने चोच उघडली, साळिंदरबाबा हात जोडून उभा, आणि हॉलमध्ये पूर्ण शांतता. पहिल्या रांगेतून सावकाश, सभ्य आवाजात प्रश्न आला, "अर्जासोबत जुन्या बिळाचा दाखला जोडला आहे का?"

निरीक्षकांनी तो विनोद म्हणून म्हटला नव्हता. घुबडाचं तोंड हललं, तेव्हा असंच काहीतरी विचारलं जाणार, असं त्यांना मनापासून वाटलं, असं ते नंतर म्हणाले. खरं वाक्य जवळपास तेच होतं. हॉल असा काही हसला की गालिचा खाली आला आणि ठरावांनी तो विनाठराव पुन्हा टांगला. घुबडाची पुढची सगळी वाक्यं निरीक्षकांनीच म्हटली. एकही चित्रपटातलं नव्हतं, आणि सगळी बरोबर होती.

शेवट जवळ आला. साळिंदरबाबा बाहेर पावसात. आत ससे जागे. मग एक ससा उठतो, 'चला, उकरूया' म्हणतो आणि भिंत उकरायला लागतो, दुसरा लागतो, मग सगळे. दार रुंद करतात. एक मिनिटभर पडद्यावर फक्त माती उडते. नव्वद माणसं गप्प होती. आणि त्या शांततेत मेहुण्याची वायर जुळली. खरा आवाज आला. वाद्यं वाजायला लागली, आणि साळिंदरबाबाच्या तोंडून कुणा नटाचा घोटीव, भारदस्त आवाज बाहेर पडला.

पुढच्या रांगेतली एक चिमुरडी वळून म्हणाली, "हा कोण बोलतोय?"

मग मागून कुणीतरी म्हणालं, बंद करा तो आवाज. दुसरा म्हणाला, करा की बंद. मेहुणा सव्वा तास जमिनीवर पालथा पडून घामाने निथळला होता. त्याने माझ्याकडे पाहिलं. त्याने मुकाट्याने ती वायर उपटली आणि भिंतीला टेकून बसला. आवाज बंद झाल्यावर चित्र बघणारा त्या हॉलमधला सगळ्यात तल्लीन प्रेक्षक तोच होता, हे मला नमूद केलं पाहिजे.

दार रुंद झालं. बायकोने मागून म्हटलं, "या आत. आडवे या, पण या."

माझं वाक्य होतं. ते तोंडून फुटेना. पडद्यावर साळिंदरबाबाचं तोंड हलून गेलं, तो आत शिरलासुद्धा, आणि हॉल माझी वाट बघत राहिला. बायकोने तेच वाक्य पुन्हा म्हटलं, या वेळी जरा हळू. तेव्हा कुठे मी म्हणालो, "सरका मग थोडे."

आणि पहिल्या रांगेतली माणसं खरोखरच सरकली. निरीक्षकांनी फाइल उचलली, डॉक्टरीणबाईंनी पदर आवरला, मध्ये एक खुर्ची रिकामी झाली. मी जाऊन बसलो.

ना-हरकत पत्रावर सही झाली ती खेळ संपल्यावर, चहा पिताना. शेऱ्यात निरीक्षकांनी लिहिलं की प्रत्यक्ष प्राणी आढळले नाहीत, तथापि प्रदर्शन पुन्हा व्हावे. डॉक्टरीणबाईंनी मान्य केलं की शास्त्र सोडलं तर चित्रपट निर्दोष आहे. मेहुणा म्हणाला की हा चित्रपट आवाजासकट पाहिलेल्यांनी तो पाहिलाच नाही, आणि हे मत तो आता सगळीकडे स्वतःचं म्हणून सांगतो. शेजारच्या इमारतीने रीतसर अर्ज करून आम्हाला बोलावलं, मग त्यांच्या पलीकडच्या शाळेने. सशांवाल्या बाईंना मी प्रत्येक वेळी लिहून परवानगी घेत गेलो, माणसांचा आकडाही कळवत गेलो.

शाळेतल्या खेळाला त्या स्वतः आल्या. अर्ध्या उंचीच्या बाकावर मुलांमध्ये बसल्या. मध्यंतरात त्यांनी संकोचत विचारलं की एका सशाचं काम त्यांनी केलं तर चालेल का. चालेल काय, मी त्यांना माझी जागाच दिली. त्यांनी निवडलेला ससा भिंत उकरणारा पहिला ससा होता. चार वर्षं त्याचे कान त्यांनी काढले होते, एकेक केस त्यांना पाठ होता. ससा उठला, त्याने तोंड उघडलं, आणि बाई पडद्याकडे बघतच राहिल्या. त्यांना वाक्यच आठवेना.

माझ्या लेकीने बाकावरून पुढे वाकून त्यांच्या कानात ते सांगितलं. बाईंनी ते मोठ्याने म्हटलं, आणि सगळ्या शाळेने माती उकरायला सुरुवात केली.